भिंतीवरची नीळ

घरातील खोल्या निळ्या कागदाने मढवून शोभिवंत कराव्यात ही हौस मूळची आपल्याकडची नव्हे. इंग्लंड आणि फ्रान्स या देशांत अठराव्या शतकात भिंतीला छापील कागद चिकटविण्याची चाल चांगलीच रुळली होती. इंग्लंडच्या सरकारने १७१२ साली या कागदावर कर बसविला आणि तो १८३६ पर्यंत चालू ठेवला. ज्या वस्तूचा खप नाही, तिच्यावर सव्वाशे वर्षे कर कोण ठेवील? चीनमधील कँटन बंदरातून हाताने रंगविलेले कागदाचे ताव जहाजांतून युरोपात जात आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांच्या भिंतींवर निळ्या जमिनीवरची फुले व पाखरे डुलू लागत.

आता, श्रोतेहो, मनाने आपण तेथून निघून पैनगंगेच्या दक्षिण तीरावर येऊ. हा आदिलाबाद जिल्हा. पूर्वी तो निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. नदीच्या उत्तरेला यवतमाळ, पश्चिमेला नांदेड, पलीकडे चंद्रपूर. त्यामुळे येथे तेलुगू, मराठी, गोंडी आणि उर्दू या चार भाषा एकाच बाजारात नांदतात. या भागातील जुन्या वस्तीतल्या एखाद्या घरात शिरलात, तर भिंतीवर कागद आढळणार नाही. निळी भिंत मात्र आढळेल. कोठे ती चांदण्यासारखी फिकट असेल, कोठे मोराच्या गळ्यासारखी गडद. ही निळाई आली कोठून आणि कागद का आला नाही, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो भिंतीच्या रंगाचा असला, तरी त्या रंगाच्या मागे माणसांच्या कष्टाचा आणि मानाचा बराच मोठा इतिहास उभा आहे.

प्रथम कागदाचा विचार करू. आपल्याकडे कागद नव्हता असे मुळीच नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद तयार करण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला. परंतु तो कागद दप्तरासाठी होता, भिंतीसाठी नव्हता. भिंतीला कागद लावायचा म्हणजे पिठाची खळ हवी, आणि पिठाची खळ म्हणजे वाळवीला आणि कसरीला घातलेले पंगतीचे आमंत्रण! त्यातून आदिलाबादची हवा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या या मुलखात जमिनीतली ओल भिंतीत चढते. हिवाळ्यात तर तेलंगणातील सर्वांत कडक थंडी याच भागात पडते. अशा हवेत चिकटविलेला कागद एक वर्ष फुगेल, दुसऱ्या वर्षी सुटेल आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या मागे विंचवाचे बिऱ्हाड सापडेल. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांनाही हा अनुभव आला. मायदेशी कागदाने मढविलेल्या खोल्यांत वाढलेली ही मंडळी येथे बंगल्याच्या भिंतींना सामान्यतः चुन्याचाच हात देत असत.

चुना हीच आपल्या भिंतीची खरी वेशभूषा होय. गोरगरिबांच्या कुडाच्या किंवा मातीच्या भिंती शेणामातीने सारवीत आणि वरून पांढऱ्या मातीने पोतारीत. ज्याची ऐपत असे, तो चुना आणी. या मुलखात चुन्याला तोटा नव्हता. पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या जुन्या खडकांना पैनगंगेचेच नाव दिले आहे. आदिलाबादचा सिमेंट कारखाना पुढे याच दगडाच्या आधारावर उभा राहिला आणि कालांतराने बंदही पडला. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून चुनखडी भाजणाऱ्याच्या भट्ट्या या दगडावरच चालत आल्या होत्या. मराठीतला ‘चुना’ आणि तेलुगूतला ‘सुन्नम्’ ही दोन्ही नावे संस्कृतातील ‘चूर्ण’ या शब्दापासून निघाली. बाजारात दोन भाषा बोलणारी माणसे एकाच गोणीतला माल एकाच नावाच्या दोन रूपांनी मागत होती.

चुना मारण्याचे काम दसऱ्याच्या किंवा दिवाळीच्या आधी निघते. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तापतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. तो रात्रभर मुरू द्यावयाचा, सकाळी फडक्यातून गाळावयाचा, त्यात थोडा डिंक किंवा खळ घालावयाची आणि मग कुंच्याने एक हात उभा व एक हात आडवा द्यावयाचा. भिंतीवर चढलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो. म्हणजे खाणीतून निघालेली चुनखडी भट्टीतून आणि पिंपातून फिरून अखेर पापुद्र्याच्या रूपाने भिंतीवर परत येते. असा पापुद्रा श्वास घेतो. ओल आत कोंडून न ठेवता बाहेर जाऊ देतो. मातीच्या भिंतीला याहून सोयीचे वस्त्र नाही.

या पांढऱ्या चुन्यात नीळ घालण्याची युक्ती परटाच्या घाटावरची आहे. धुतलेले धोतर जुने झाले की पिवळसर दिसू लागते. निळीचा एक हात दिला की डोळ्याला तो पिवळेपणा जाणवत नाही आणि धोतर अधिक शुभ्र भासते. चुन्याचेही तसेच आहे. म्हणून गृहिणी चिमूटभर नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून चुन्याच्या पाण्यात फिरवीत असे. पुरचुंडी न करता भुकटी तशीच टाकली, तर तिच्या गुठळ्या राहतात आणि भिंतीवर निळे ओघळ उठतात. चिमटीच्या जागी मूठ पडली की पांढरी भिंत आकाशी होते, दोन मुठी पडल्या की ती खरोखरीची निळी होते. ओल्या भिंतीवर रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर उतरतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा अंदाज दरवर्षी चुकतो. म्हणून कोपऱ्यात वीतभर जागेवर आधी हात मारून, ती वाळल्यावर मगच बाकीच्या भिंतीला हात लावण्याची रीत पडली. निळीचे हे प्रमाण कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नसे. ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या चिमटीत असे.

परंतु ‘नीळ’ या एका शब्दात आपण दोन अगदी वेगळ्या वस्तू गुंडाळून ठेवल्या आहेत आणि येथूनच खरा इतिहास सुरू होतो.

पहिली नीळ ही झुडुपाची. पाने पाण्यात कुजवून, ते पाणी घुसळून आणि खाली बसलेला गाळ वाळवून तिच्या वड्या करीत. रोमन लोकांनी या रंगाला हिंदुस्थानचेच नाव दिले आणि त्यावरून युरोपात त्याला ‘इंडिगो’ म्हणू लागले. आपला ‘नील’ शब्द अरबांच्या तोंडून पोर्तुगिजांकडे ‘अनिल’ होऊन गेला आणि पुढे रसायनशास्त्रातील ‘अॅनिलीन’ या नावात जाऊन बसला. एवढा मोठा मान ज्या रंगाला मिळाला, त्याची लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र मान मिळाला नाही. बंगालमध्ये १८५९ साली नीळ पिकविणाऱ्या रयतेने मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला, आणि १८६० साली दीनबंधू मित्र यांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाने तेथील अत्याचार जगापुढे मांडले. बिहारमधील चंपारण्यात शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा ठराविक हिस्सा निळीखाली आणण्याची सक्ती होती. ती मोडून काढण्यासाठी गांधीजी १९१७ साली तेथे गेले. मधल्या काळात, १८९७ साली, जर्मनीतील कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली होती आणि झुडुपाच्या निळीचा व्यापार झपाट्याने ढासळू लागला होता.

दुसरी नीळ झुडुपाची नव्हे, दगडाची. तिचे मूळ पाहण्यासाठी आपल्याला अजिंठ्याला जावे लागेल. अजिंठा आणि आदिलाबाद ही दोन्ही स्थळे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. परंतु दोहोंचा संबंध तेवढाच नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील उत्तरकालीन चित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. ही चित्रे ज्या भिंतींवर काढली आहेत, त्यांची घडण कशी आहे? खडकावर माती, तिच्यात वनस्पतींचे धागे आणि भुसा, वरून चुन्याचा पातळ हात, आणि त्या हातावर रंग. म्हणजे आपल्या खेड्यातील भिंतीचाच तो राजस भाऊ होय! त्या चित्रांतील इतर बहुतेक रंग माती-दगडांचे, जवळपासच्या मुलखात मिळण्याजोगे. निळा रंग मात्र तसा नाही. तो लाजवर्द नावाच्या दगडाची पूड आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून येत असे. एखाद्या राजपुत्राच्या महालातील निळाई रंगविण्यासाठी घोड्या-उंटांच्या तांड्यांना डोंगर आणि वाळवंटे तुडवावी लागली. हाच रंग युरोपातही पोहोचला आणि तेथे त्याचे मोल इतके चढले की चित्रकार तो श्रद्धेच्या जागी, मेरीमातेच्या वस्त्रासाठी, राखून ठेवीत.

आता युरोपातील निळ्या कागदाकडे क्षणभर परत जाऊ. एवढा महाग दगड भिंतीच्या कागदासाठी कोण वापरणार? कागदवाल्यांनी स्वस्त निळे रंग शोधले. एक रंग तांब्यापासून, खडूच्या साहाय्याने तयार होई. संत्र्याच्या झाडाच्या बुंध्याला आपला शेतकरी मोरचूद आणि चुन्याचे जे निळसर मिश्रण लावतो, त्याचा तो दूरचा नातेवाईक म्हणावा. दुसरा रंग अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिन शहरात अपघातानेच सापडला. त्याला प्रशियन निळा म्हणतात. तो गडद, स्वस्त आणि कागदावर उत्तम बसणारा होता. मग हा रंग आपल्या भिंतींवर का आला नाही? कारण त्याला चुन्याचे वावडे आहे. चुन्याच्या क्षाराशी गाठ पडताच तो मोडतो आणि मागे गंजासारखा तांबूस मळ उरतो. ज्या रंगाने युरोपातील कागदी भिंत निळी केली, त्याला आपली चुन्याची भिंत मानवणारी नव्हती. आपल्याला हवा होता चुन्यात टिकणारा, उन्हाला न भिणारा आणि गरिबाला परवडणारा निळा. पहिले दोन गुण लाजवर्दात होते. तिसरा नव्हता.

तो तिसरा गुण एकोणिसाव्या शतकाने मिळवून दिला. फ्रान्समधील उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने १८२४ साली जाहीर केले की, लाजवर्दाचा रंग कृत्रिम रीतीने आणि किलोला ३०० फ्रँकच्या आत जो तयार करून दाखवील, त्याला ६,००० फ्रँकचे बक्षीस मिळेल. १८२८ साली ते बक्षीस झाँ बाप्तिस्त गिमे याला मिळाले. त्याच साली जर्मनीतील ट्यूबिंगेनचा अध्यापक ग्मेलिन याने आपली स्वतंत्र कृती प्रसिद्ध केली. कृती ऐकली तर हसू येईल. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र करून भट्टीत भाजावयाचे. बदख्शानच्या डोंगरात निसर्गाने जे घडविले, ते कुंभाराच्या आव्यासारख्या भट्टीत होऊ लागले. काही दशकांत हा रंग इतका स्वस्त झाला की कपड्यांना देण्याची पुडी म्हणून तो विकला जाऊ लागला. इंग्लंडमधील हल शहरातल्या रेकिट कंपनीने त्याचा मोठा व्यापार केला आणि ‘रॉबिन’ पाखराच्या नावाची तिची नीळ आपल्याकडे वाण्याच्या दुकानापर्यंत पोहोचली.

मराठीत त्या पुडीला नीळच म्हटले गेले, तेलुगूत ‘नीलिमंदु’, उर्दूत ‘नील’. नाव झुडुपाचे राहिले, वस्तू मात्र दगडाची आली. ज्या नावाच्या पिकाने चंपारण्याचा शेतकरी नागवला गेला, त्याच नावाखाली आता एक निराळीच भुकटी गरिबाच्या कोनाड्यात येऊन बसली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास, अजिंठ्याच्या राजपुत्राभोवतीची निळाई आणि आदिलाबादच्या चुन्याच्या भिंतीवरची निळाई ही एकाच द्रव्याची दोन रूपे आहेत. एक डोंगरातून आली, दुसरी भट्टीतून. जे द्रव्य एके काळी राजाच्या भांडारातून मोजून दिले जाई, ते मजुराची बायको आठवड्याच्या बाजारातून मिठाबरोबर आणू लागली. इतिहासात अशा घटना फार थोड्या.

तथापि रंग स्वस्त झाला म्हणजे तो आपला झाला, असे नव्हे. रंग आपला होण्यासाठी त्याला अर्थ लाभावा लागतो. तो अर्थ या भागातल्या निळ्या रंगाला विसाव्या शतकात लाभला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले आणि त्याचा ध्वज निळा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात दुसरा दीक्षा समारंभ झाला, आणि चंद्रपूर म्हणजे आदिलाबादचा शेजारच. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना होऊन हैदराबाद राज्य विसर्जित झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. एका समाजाचे सोयरेधायरे दोन राज्यांत वाटले गेले. परंतु नकाशावर सीमा ओढणाऱ्यांना निळा रंग दोन भागांत वाटता आला नाही. तेलंगणातील बौद्धांची मोठी वस्ती आजही याच जुन्या आदिलाबाद मुलखात आहे. येथील बुद्धविहारांवर, कमानींवर आणि अनेक घरांच्या दर्शनी भिंतींवर जी निळाई दिसते, ती पैनगंगेच्या पलीकडल्या निळाईहून वेगळी नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक निळी भिंत हाच अर्थ सांगते, असे मानणे चुकीचे ठरेल. राजस्थानातील जोधपूर शहरात अख्ख्या गल्ल्या निळ्या आहेत, आणि त्यांची कारणमीमांसा अगदी निराळी सांगतात. आपल्याकडेही अनेकांनी निळा हात दिला तो केवळ खोली थंड वाटावी, माशा कमी याव्यात, किंवा शेजाऱ्याने दिला म्हणून. कोणाला तो कृष्णाचा रंग वाटतो, कोणाला आकाशाचा. परंतु ज्या माणसाच्या आजोबाला गावाच्या कडेला ढकलले होते, त्याने जेव्हा प्रथम स्वतःच्या कमाईतून भिंत बांधली, तिला चुन्याचा हात दिला आणि त्यात मूठभर नीळ जाणूनबुजून टाकली, तेव्हा ती कृती सजावटीची राहिली नाही. ‘हे घर माझे आहे आणि मी येथे मान वर करून राहतो’ असे लिहिण्यासाठी त्याला अक्षरांची गरज पडली नाही. आणि पंधराशे वर्षांपूर्वी ज्या द्रव्याने बौद्ध लेण्यांच्या भिंती निळ्या झाल्या होत्या, त्याच द्रव्याने नवबौद्धाच्या घराची भिंत निळी व्हावी, हा योग कोणी जुळवून आणलेला नव्हता. तो बाजाराने आणि इतिहासाने नकळत जुळविला.

आज ही भिंत पुन्हा बदलत आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. गावोगाव सिमेंटची घरे उभी राहिली. डब्यातले तयार रंग मिळू लागले, आणि हव्या त्या निळ्या छटेतले वॉलपेपर शहरांच्या दुकानांत आले. ज्याला ते आवडतात, त्याने खुशाल लावावेत. सिमेंटच्या कोरड्या भिंतीवर ते काही वर्षे शोभतील. मात्र ज्यांच्या घरी मातीची किंवा चुन्याची जुनी भिंत अजून उभी आहे, त्यांना एक विनंती आहे. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग चढवून तिचा श्वास कोंडू नका. ओल आत अडकली की अशी भिंत आतून पोखरते. आणि चुन्यात मिसळण्यासाठी हल्लीची पातळ, बाटलीतली नीळ घेऊ नका. ती कापडासाठी केलेली आहे, चुन्यासाठी नव्हे. भुकटीची नीळच आणा. ती खरी आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर चिमूटभर भुकटीवर लिंबाचा रस पिळा. चुन्याला दाद न देणारा हा रंग आंबटापुढे मात्र हार खातो. तो हळूहळू विटू लागला आणि कुजक्या अंड्यासारखा किंचित वास आला, तर समजावे की हीच ती लाजवर्दाची धाकटी बहीण.

आणि प्रमाण किती घ्यावे, हे मला विचारू नका. घरात आजी असेल तर तिला विचारा, आणि तिच्या चिमटीकडे नीट लक्ष देऊन पाहा. यंदाच्या दसऱ्याला तो हात तुमच्या मुलांकडूनही द्या, म्हणजे पुढच्या वर्षी विचारावयास कोणीतरी उरेल.